लॉगचं बिऱ्हाड शेडमध्ये

माणसाने कशावर लिहावं याला काही धरबंध असतो. प्रेमावर लिहावं, निवडणुकीवर लिहावं, फार तर गुलाबाच्या छाटणीवर लिहावं. मी, टॅलंगूर कृषी प्रदर्शन मंडळाचा मानद चिटणीस लिंडसे, डेटाबेसचा लॉग एका डिस्कवरून दुसऱ्या डिस्कवर कसा हलवावा यावर लिहायला बसलो, आणि तेसुद्धा सासूबाईंमुळे.

सासूबाई, म्हणजे ऑलवेन, आमच्या मागच्या अंगणातल्या छोट्या घरात राहतात आणि दर वर्षी प्रदर्शनात पॅशनफ्रूटचा स्पंज केक ठेवतात. गेल्या वर्षी नोंदणीचा संगणक ऐन सकाळी गच्च भरला आणि बंद पडला. जी नावं आत शिरली ती शिरली, ऑलवेनचं बाहेर राहिलं. त्यांचा केक ‘परीक्षणासाठी नाही’ असं लिहिलेल्या टेबलावर, शाळेतल्या पोरांनी केलेल्या मातीच्या गुबगुबीत वॉम्बॅट प्राण्याशेजारी दिवसभर बसून राहिला. त्या वेळी संगणकासमोर मी बसलो होतो एवढाच माझा गुन्हा. तेव्हापासून त्या माझ्याशी बोलत नाहीत. अगदी अबोला म्हणता येणार नाही. माझ्यासमोर बसून माझ्या बायकोला सांगतात, "रोझलिन, तुझ्या नवऱ्याला सांग, तो माझ्या चष्म्यावर बसलाय."

वर्षभर हे असं चाललं होतं. नाताळाला त्यांनी मला मोजे दिले, तेही रोझलिनच्या हस्ते.

मंडळाचं संगणकाचं सगळं बेव्हन बघायचा. संगणक का भरला ते त्याने सभेत सांगितलं. म्हणाला, हे यंत्र प्रत्येक गोष्ट दोनदा लिहितं. आधी लॉगमध्ये लिहितं, मग मुख्य जागी. दोन्ही एकाच डिस्कवर दाटीवाटीने राहतात, तो लॉग फुगला आणि सगळ्यांचा श्वास कोंडला. लॉगला वेगळ्या डिस्कवर बिऱ्हाड करून दिलं की झालं.

"मग दे ना करून," अध्यक्ष नोएलीन म्हणाली.

"देतो की. पण आम्ही शनिवारी निघतोय."

बेव्हन निवृत्त झाला होता आणि बायको, कुत्रा व कॅराव्हॅन असा लवाजमा घेऊन देशाला प्रदक्षिणा घालायला निघाला होता. परत कधी येणार हे कुत्र्यालाही माहीत नव्हतं. तेव्हा नोएलीनने जाहीर केलं, "लिंडसे सगळं लिहून घेईल. नीट, पायरीपायरीने. म्हणजे उद्या लिंडसेचं काही बरंवाईट झालं तरी काम अडायला नको." सभेने टाळ्या वाजवल्या. माझ्या बऱ्यावाईटाला एवढ्या टाळ्या पडतील असं मला वाटलं नव्हतं.

शनिवारी सकाळी मी कागद-पेन घेऊन बेव्हनच्या दारात हजर झालो. त्याने माझ्या हातात आधी गॅसची टाकी दिली.

"हे बघ मित्रा, सोपं आहे," कॅराव्हॅनखालून त्याचा आवाज आला. "आधी डेटाबेस बंद कर. मग लॉग उचल आणि शेडमध्ये टाक. जुन्या जागी पाटी लाव, की बाबा, लॉग आता शेडमध्ये राहतो. मग चालू कर."

"कुठल्या शेडमध्ये?"

"एकच तर आहे."

"बस? एवढंच?"

"एवढंच. होतंय सगळं, काळजी करू नकोस. टाकी इकडे दे."

इथे मला एक गोष्ट सांगितली पाहिजे. आमच्या गावात नवे दंतवैद्य आले होते, भला माणूस. त्यांना पहिल्याच मेजवानीचं आमंत्रण गेलं, ‘येताना प्लेट घेऊन या.’ आता प्लेट घेऊन या म्हणजे प्लेटमध्ये सगळ्यांसाठी काहीतरी खायचं करून आणा, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही कळतं. ते बिचारे बायकोसह आले ते दोन रिकाम्या, स्वच्छ घासलेल्या प्लेटा घेऊन. एवढ्या लॅमिंग्टन केकांच्या आणि सॉसेज रोलांच्या रांगेत त्या दोन कोऱ्या प्लेटा बघून माझा जीव गलबलला होता. म्हणून मी मनाशी ठरवलं, माझ्या लेखनात कसलंही गृहीत धरायचं नाही. वाचणारा चंद्रावरून आला असला तरी त्याला लॉग हलवता आला पाहिजे.

पण लिहायचं तर आधी कळायला हवं, आणि मला एकच प्रश्न छळत होता. हे यंत्र दोनदा का लिहितं? एवढं हुशार म्हणतात, मग पहिल्यांदाच नीट लिहायला काय होतं? मी वाचत गेलो, आणि खरं सांगतो, मला त्याचं वेडच लागलं. हे म्हणजे दुकानदाराच्या कच्च्या वहीसारखं आहे. गिऱ्हाईक समोर असताना दुकानदार पक्क्या वहीत खाती शोधत बसत नाही. कच्च्या वहीत एका ओळीत झरझर लिहितो, मान डोलावतो आणि गिऱ्हाइकाला वाटेला लावतो. पक्क्या वहीत सावकाश उतरवतो. मधेच दिवे गेले, दुकानदार चक्कर येऊन पडला, तरी कच्ची वही शाबूत असेल तर सगळं पुन्हा उभं करता येतं. आणि यातली खुबी अशी की कच्च्या वहीत लिहून झाल्याशिवाय हे यंत्र ‘नोंद झाली’ असं म्हणतच नाही.

"म्हणजे आधी लिहितं, मग बोलतं," मी जेवताना रोझलिनला म्हणालो. "किती सुंदर आहे हे!"

"तुला चालू केलं तेव्हा ही सोय नव्हती वाटतं," रोझलिन म्हणाली.

"रोझलिन, तुझ्या नवऱ्याला सांग, बटाटे थंड होतायत," ऑलवेन म्हणाल्या.

आता शेड. आमच्या प्रदर्शनाच्या मैदानावर मंडळाचं ऑफिस आहे, आणि त्याला पाठ लावून कोंबड्यांची शेड आहे. मैदानावर कुणी नुसतं ‘शेड’ म्हटलं की तीच. ‘एकच तर आहे’ हे बेव्हनचं म्हणणं मला तंतोतंत पटलं. शिवाय वेगळी डिस्क खरोखर वेगळ्या जागी असावी यात मला मोठं शहाणपण दिसलं. मी बाहेरून लावायची एक जाडजूड डिस्क विकत आणली. तिला स्वतःचा प्लग होता. ती कोंबड्यांच्या शेडमध्ये फळीवर ठेवायची आणि भिंतीतून वायर आणून ऑफिसातल्या संगणकाला जोडायची, असा बेत ठरला.

आमच्या घराच्या कुंपणापलीकडे मर्व राहतो. मर्व हा कोंबडी विभागाचा कारभारी, आणि जगात असा विषय नाही ज्यावर त्याच्याकडे सल्ला नाही. तो कुंपणावर कोपर टेकून म्हणाला, "लॉग हलवायचा तर दमट जागा नको. खालून हवा खेळू दे, वर ताडपत्री घाल."

"मर्व, हा लाकडाचा ओंडका नाही."

"कसला का असेना. वाळवीला काय कळतंय?"

मी माझ्या कागदावर ‘लॉग म्हणजे ओंडका नव्हे’ अशी पहिली तळटीप घातली. चंद्रावरून येणाऱ्याची सोय झाली, शेजारून येणाऱ्याचीही व्हायला हवी.

भिंतीला बोटभर भोक पाडायचं तर नगरपालिकेची परवानगी. का, तर कोंबड्यांची शेड ही वारसा वास्तू आहे. तिथल्या बाईंनी फोनवर मला विचारलं की भोक मूळ वास्तूच्या काळाशी सुसंगत असेल का. मी म्हणालो, भोकांची फॅशन फारशी बदललेली नाही. हा विनोद त्यांना आवडला नाही, आणि परवानगीला महिना लागला. मग फळी ठोकायला शिडीवर चढायचं म्हणून धोक्याचं मूल्यमापन करावं लागलं. मग भडक पिवळं जाकीट, पुढून बंद असलेले बूट. मग विजेची प्रत्येक वस्तू तपासून तिला चिठ्ठी लावणारा माणूस आला, त्याने डिस्क तपासली, तिची वायर तपासली, आणि डिस्कला चिकटून बसलेली एक कोंबडी सोडून सगळ्याला पिवळ्या चिठ्ठ्या लावून गेला. हे सगळं मी पायरीपायरीने लिहीत होतो. बेव्हनच्या चार वाक्यांचं आता चांगलं पुस्तक झालं होतं, आणि त्यात लॉग कुठे हलायला लागतो ते शोधायला अनुक्रमणिका लागत होती.

लेखन कसाला लावायचं म्हणून मी ते रोझलिनला दिलं. ती ऑफिसात बसली, मी मागे उभा. थोड्या वेळाने सगळीकडे अंधार झाला.

"हे काय केलंस?"

"इथे लिहिलंय, ‘प्रथम सर्व बंद करा.’ मी सर्व बंद केलं. चहाच्या खोलीतला फ्रिजसुद्धा."

"सर्व म्हणजे डेटाबेस!"

"मग तसं लिही. मला काय स्वप्न पडणार आहे?"

मला राग आला, पण तिचं बरोबर होतं. मी दुरुस्ती केली. शेवटी एका रविवारी आम्ही लॉग हलवला. डेटाबेस बंद केला. लॉगच्या फायली उचलून शेडमधल्या डिस्कवर नेल्या. जुन्या जागी पाटी लावली. ही पाटी म्हणजे दुकान हलवल्यावर जुन्या दारावर नवा पत्ता लावतात ना, तशीच. यंत्र सवयीने जुन्या दाराशी येतं, पाटी वाचतं आणि मुकाट्याने शेडमध्ये जातं. मग चालू केलं आणि एक खोटी नोंद करून पाहिली. भिंतीपलीकडे कोंबड्यांमध्ये डिस्कचा हिरवा दिवा लुकलुकला. मी भिंतीच्या भोकाला डोळा लावून तो दिवा बघत राहिलो. एवढा निखळ आनंद मला लग्नातही झाला नव्हता, आणि हे मी रोझलिनला सांगितलं नाही.

डिस्क फळीवर ठेवली त्याच दिवशी, तपासणीच्याही आधी, प्लगशेजारी मी मोठ्या अक्षरांत पाटी चिकटवली होती, ‘प्लग काढू नका.’

प्रदर्शनाचा दिवस उजाडला. स्पंज केक त्याच सकाळी करावा लागतो. नोंदणी बंद व्हायच्या बेतात ऑलवेन आल्या. हातात केक, अंगावर ठेवणीतला कोट. रोझलिन बरोबर नव्हती. त्यामुळे त्यांची पंचाईत झाली, कारण माझ्याशी बोलायला मधे कुणीच नव्हतं. त्यांनी केक टेबलावर ठेवला आणि माझ्या डोक्यावरच्या घड्याळाकडे बघत म्हणाल्या, "ऑलवेन. स्पंज. पॅशनफ्रूट." टेबलावर ठेवलेल्या केकच्या बशीवरचा हात त्यांनी काढला नव्हता. तेव्हा मला पहिल्यांदा लख्ख कळलं की गेल्या वर्षीचा त्यांचा राग म्हणजे राग नव्हताच. मातीच्या वॉम्बॅटशेजारी त्यांना दिवसभर लाज वाटत होती. मला फार वाईट वाटलं.

मी नाव टाईप केलं. पडद्यावर उमटलं, ‘नोंद झाली.’ मी मोठ्याने वाचून दाखवलं. त्यांनी मान हलवली आणि त्या केक घेऊन मंडपाकडे गेल्या.

आणि पडदा गोठला. मग त्यावर एक ओळ आली, आणि त्या ओळीच्या सुरुवातीला ठळक अक्षरांत शब्द होता, ‘घबराट.’ खोटं नाही सांगत. लॉग लिहायला मिळाला नाही की हे यंत्र चक्क आपण घाबरलो असं जाहीर करतं आणि बंद पडतं. त्याचा हा प्रामाणिकपणा मला एरवी आवडला असता.

नोएलीन धावत आली. "काय झालं? केकच्या परीक्षकबाई यादी मागतायत!"

"लॉगची डिस्क गेली."

"मग नावं हाताने लिहून दे."

"हाताने लिहिलेली यादी चालत नाही. तूच ठराव केलास, भोपळ्यांच्या यादीत कुणीतरी खाडाखोड केली त्या भानगडीनंतर."

तो ठराव नोएलीनने फार जोरात मांडला होता. मग तिने फोन काढला, कुणाशी तरी बोलली आणि म्हणाली, "माझा भाचा म्हणतोय, यंत्राला एक कोरा लॉग देऊन टाक. चालू होतंय लगेच. लॉग म्हणजे काय, जुनी रद्दीच ना? झाल्यागेल्याची टिपणं. सरक, मी करते."

"नोएलीन, हात लावू नकोस!" मी ओरडलो. मी नोएलीनवर ओरडलो! गावात हे आजवर कुणी केलेलं नव्हतं. "ती रद्दी नाही. आज सकाळच्या नोंदी अजून पक्क्या वहीत उतरल्यासुद्धा नसतील. त्या फक्त लॉगमध्ये आहेत. कोरा लॉग दिलास तर यंत्र हसत हसत चालू होईल, आणि माझ्या सासूचा केक पुन्हा वॉम्बॅटशेजारी जाऊन बसेल."

"आणि थांबून काही मिळालं नाही तर?"

"त्याने ‘नोंद झाली’ म्हटलंय. लिहिल्याशिवाय ते बोलत नाही."

हे मी केवढ्या ठामपणे म्हणालो! आतून मात्र माझी पाचावर धारण बसली होती. पुस्तकात वाचणं निराळं आणि ऑलवेनचा केक निराळा.

शेडचं दार आतून बंद होतं. बाहेर पाटी होती, ‘परीक्षण चालू आहे.’ कोंबड्यांचं परीक्षण चालू असताना कारभाऱ्याशिवाय कुणी आत जायचं नाही, असा नियम मर्वच्या आजोबांच्या काळापासून आहे. मी दार ठोठावलं तर आतून मर्व ओरडला, "अजून ऑस्ट्रालॉर्प कोंबड्याच चालू आहेत, नंतर ये!" मी ऑफिसात परत धावलो, गुडघ्यांवर बसलो आणि भिंतीच्या भोकाला तोंड लावलं.

"मर्व! प्लग कुणी काढला?"

"मी काढला. परीक्षकाला चहा हवा होता. किटली लावलीय."

"तिथे पाटी आहे ना, प्लग काढू नका म्हणून!"

आत कोंबड्या फडफडल्या, मर्व पाटीशी गेला असावा. मग मर्व म्हणाला, "नका कुठाय? इथे नुसतं ‘प्लग काढू’ लिहिलंय. म्हटलं, काढू तर काढू."

तपासणी करणाऱ्या माणसाने आपली पिवळी चिठ्ठी नेमकी ‘नका’वर डकवली होती.

"मर्व, किटलीचा प्लग काढ आणि त्या जागी डिस्कचा लाव."

"पाणी उकळायला आलंय रे, एक मिनिट."

"मर्व, ऑलवेनचा केक आहे!"

हे मात्र त्याला लागू पडलं. मर्वची बायको गेली तेव्हा ऑलवेन महिनाभर त्याच्याकडे डबा पाठवत होत्या. आत खुडबुड झाली. "इथे दोन पांढरे प्लग आहेत. यातला लॉगचा कुठला?"

मी टेबलावरचं माझं पुस्तक ओढून उघडलं. शिडी होती, जाकीट होतं, ओंडक्याची तळटीप होती. प्लगचा रंग कुठेही नव्हता! "वायरवरून हात फिरवत ये, मर्व. ज्या डब्याची वायर भिंतीतून माझ्याकडे येते, त्या डब्याचा प्लग."

"सापडला. लावला. हिरवा दिवा आला बघ. चहा कोमटच राहिला."

मी यंत्र चालू केलं. नोएलीन माझ्या खांद्यावरून बघत होती, आणि तिच्या मागे, कधी आल्या कळलं नाही, ऑलवेन उभ्या होत्या. पडद्यावर ओळी येऊ लागल्या. यंत्र सांगत होतं की मी नीट बंद झालो नव्हतो, लॉग वाचतोय, सुटलेलं पुन्हा उतरवतोय. एवढ्या घाईतही मी भान हरपून बघत होतो. घाबरून पडलेला माणूस शुद्धीवर येऊन सकाळपासून कोण कोण आलं ते आठवतो, तसं ते एकेक आठवत होतं. मग म्हणालं, तयार आहे. मी यादी उघडली. मुरंबे, लोणची, स्कोन, आणि सगळ्यात खाली, शेवटची ओळ: ऑलवेन, स्पंज, पॅशनफ्रूट.

मी मागे वळून बघितलं. त्या तिथे नव्हत्या. यादी छापून होईतो त्या मंडपात केकशेजारी जाऊन उभ्या राहिल्या होत्या.

दुपारी बेव्हनचा फोन आला. कुठल्याशा वाळवंटात पेट्रोल भरायला थांबला होता आणि तिथे रेंज होती. "काय मित्रा, लॉग हलला का शेडमध्ये?"

मी सगळं सांगितलं. नगरपालिका, भोक, जाकीट, चिठ्ठी, किटली.

"लिंडसे," तो हळूच म्हणाला, "कुठली शेड रे?"

"कोंबड्यांची. एकच तर आहे!"

"अरे बाबा, ‘शेड’ हे डिस्कचं नाव आहे! त्याच संगणकात मी जाताना दुसरी डिस्क बसवून गेलो होतो. पहिलीचं नाव ‘घर’, दुसरीचं ‘शेड’. जे घरात मावत नाही ते शेडमध्ये, म्हणून. पडद्यावर दिसली नाही तुला?"

दिसली होती. ‘शेड’ नावाचं एक चित्र पडद्यावर कोपऱ्यात महिनोन्‌महिने होतं. मला वाटलं होतं, त्यात शेडचे फोटो असतील. फोन ठेवल्यावर मला ते दंतवैद्य आठवले, आणि त्यांच्या त्या दोन घासलेल्या प्लेटा.

संध्याकाळी मी घरी येऊन माझं पुस्तक फाडलं आणि बेव्हनची चार वाक्यं पुन्हा लिहिली. वर फक्त एक ओळ घातली, ‘शेड हे डिस्कचं नाव आहे, खुर्चीवरून उठू नये.’ तेवढ्यात ऑलवेन आल्या. हातात केकचा उरलेला अर्धा भाग होता, कोटाला दुसऱ्या क्रमांकाची लाल फीत होती. रोझलिन समोरच बसली होती. त्यांनी तिच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे वळल्या.

"लिंडसे," त्या म्हणाल्या.

रोझलिनच्या हातातला चमचा तसाच राहिला. मी खुर्चीवरून उठलो. "बोला, ऑलवेन."

"मर्व म्हणतो, तो प्लग लागेपर्यंत माझा केक कोंबड्यांच्या शेडमध्ये होता. खरं का?"

"केक नाही. केकची नोंद."

"तेच ते." त्यांनी सुरी घेतली, माझ्यासाठी भलामोठा तुकडा कापला आणि स्वतःच्या हाताने माझ्यापुढे ठेवला. "तरीच त्या परीक्षकबाई म्हणाल्या, अंडी अगदी ताजी लागतायत."